पाट्याच्या सुट्टीचे तीन रुपये

द्वारकाताई,

आधी अक्षराची माफी मागते. चौथीची परीक्षा दिली, त्यानंतर टाक हातात आला तो धोब्याचे कपडे मांडण्यापुरता आणि माहेरी खुशालीचं पत्र घालण्यापुरता. ओळी खाली उतरत जातात, शाई सांडते, ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी कळलं नाही. एवढं लिहिलं आणि मग आठवलं, तुला वाचता कुठे येत होतं! तू म्हणाली असतीस, "गो मुके, मला तुझं चुकलेलं नि मास्तरांचं बरोबर, दोन्ही मुंग्यांची रांगच." तरी ही माफी राहू दे. जी खरी मागायची आहे तिच्यापर्यंत पोचायला मला नेहमीच उशीर होतो.

आणखी एक. तू होतीस तोवर मी तुला "अहो द्वारकाताई" म्हणत आले. "तू म्हण गो, मी काय मामलेदारीण आहे?" असं तू शंभरदा म्हणालीस, पण जीभ वळली नाही. आज कागदावर म्हणते आहे. समोर कोणी नसलं की मला सगळं जमतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. दुपारची वेळ आहे. सासूबाई माजघरात आडव्या झाल्या आहेत, हे कचेरीत आहेत. परसदाराच्या पायरीवर बसून लिहिते आहे. इथून आपली बाव दिसते. कप्पी गप्प आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले चार महिने माझा आवाज बावीवर कोणी ऐकला नव्हता. पाणी शेंदायचं, कळशी काखेत घ्यायची आणि खाली मान घालून घरात. बायकांना वाटलं, वाचा गेलेली सून आणली. सोनीकाकूने तर सासूबाईंना आडून विचारलंही होतं. तू मात्र माझ्याकडे बघून म्हणालीस, "मुकी नाय ती. आत बोलते. ओठ हलतात तिचे." मला इतकी लाज वाटली की कळशी अर्धीच घेऊन मी पळाले. पण त्या दिवशी रात्री जेवताना मला हसू येत होतं. कोणीतरी माझ्या ओठांकडे बघितलं होतं.

तू वकिलांकडे स्वयंपाक करायचीस. बावीच्या पलीकडे तुझी दोन खणांची खोली. तुझा नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आला नव्हता, पत्र नाही की निरोप नाही. तू कपाळावर अगदी बारीक टिकली लावायचीस. कोणी टवकारून पाहिलं की म्हणायचीस, "चौकशी चालू आहे." बायका हसायच्या. मीही हसायचे. त्या हसण्याच्या मागे काय होतं ते मी कधी विचारलं नाही, हेही माझ्याकडे राहिलंच.

मग वकिलांनी मुंबईहून रेडिओ आणला. मोठी लाकडी पेटी, आणि तिची तार नेऊन बांधली परसातल्या माडाला. सगळ्या आळीचे पुरुष संध्याकाळी ओटीवर जमायचे. पेटी खरखरायची, शिंकायची, मधेच दोन वाक्यं बोलायची. बॅटरी संपली की ती आगबोटीने मुंबईला जायची आणि भरून यायला पंधरा दिवस लागायचे. आम्हां बायकांना ओटीवर जागा नव्हती. पण तू स्वयंपाकघराच्या दाराआड भाकरी थापता थापता सगळं ऐकायचीस, आणि तुझं डोकं म्हणजे टीपकागद. एकदा ऐकलं की उमटलं.

एके दिवशी सकाळी तू बावीवर आलीस, रिकामी घागर उचललीस, तिच्या तोंडात तोंड घातलंस आणि बोललीस. आवाज असा घुमला की सोनीकाकूच्या हातातून दोर सुटला.

"श्रोतेहो, बावीवरून बोलतो आहोत. आज चैत्र वद्य पंचमी. कालची आगबोट वेळेवर आली, त्यामुळे बंदरावर घबराट आहे. बांगडा स्वस्त, सुरमई गर्वात. वकिलांच्या मांजरीला तीन पिल्लं, दोन गोरी."

"आणि तिसरं?" सोनीकाकू म्हणाली.

"तिसरं वकिलांवर गेलं."

तिथून सुरू झालं. पुरुषांचा रेडिओ संध्याकाळचा, आपला सकाळचा. त्याची बॅटरी संपायची, तुझी कधी नाही. वकील देवपूजा झाल्यावर पंचांग मोठ्याने वाचत, ती तिथी तू आणायचीस. वर्तमानपत्रातलं काही ते बायकोला वाचून दाखवत, ते आणायचीस. माकूल मासळीला तीन काळजं असतात, हे मला तुझ्याकडून कळलं.

"तीन?" सोनीकाकूने डोळे मोठे केले. "एक नवऱ्याला, एक पोरांना. तिसरं गो कोणाला?"

"तिसरं भाड्याने देणे आहे. चौकशी बावीवर करावी."

आणि विलायतेत एप्रिलच्या पहिल्या तारखेला एकमेकांना फसवायची मोकळीक असते, हेही तूच सांगितलंस. कोणीतरी म्हणालं, एकच दिवस? तू म्हणालीस, "साहेबाला एकच पुरतो. बाकीचे दिवस तो कचेरीत फसवतो." माझे हे कचेरीतले, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी दोराला धरून खाली पाहत राहिले. पण त्या विलायतेच्या सणावरूनच आपले सण निघाले. तू म्हणालीस, आपल्यालाही एखादा खोटा सण हवा. मग माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "मुके, आज कसला सण?"

मी काही बोलले नसते. पण कप्पीला तेल नव्हतं, आणि ती दर हिसक्याला किंचाळत होती. माझ्या तोंडून पुटपुटल्यासारखं निघालं, "कप्पीचा उपास."

तू घागरीत तोंड घातलंस. "श्रोतेहो, आज कप्पीचा कडक उपास आहे. तेलाचा थेंब वर्ज्य. म्हणून बाई आरडतायत. पारणं कोण फेडील?"

सोनीकाकू घरी जाऊन खोबरेल घेऊन आली. सगळ्यांच्या हसण्यात मी उभी होते आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. माझं वाक्य होतं ते. तुझ्या तोंडून गेलेलं, पण माझं. त्या दिवसापासून सण मी काढायचे आणि तू सांगायचीस. उसनं नेलेलं विरजण परत करायचा दिवस आपण काढला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सोनीकाकूच्या दारात तीन वाट्या आल्या. त्यातली एक आमच्या घरची होती.

खऱ्याखोट्यात घोळ नको म्हणून तूच खूण ठरवलीस. खोटा सण सांगायच्या आधी घागरीवर बोटाच्या पेराने एकदा वाजवायचं. टण. ती टण ऐकली की बायका आधीच पदर तोंडाला लावायच्या. जी तिथी, जी बातमी टण न करता सांगितली ती खरी. इतकं साधं होतं. बावीवर येणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

सासूबाई बावीवर येत नसत. त्या परसदाराच्या पडवीत बसून तांदूळ निवडायच्या आणि ऐकायच्या. त्यांना खूण कोणी सांगितलीच नव्हती. मला सांगता आली असती. घरातच तर होते मी.

आता ते लिहिते.

वैशाख होता. आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा चालली होती आणि आठ दिवस मी पाट्यावर होते. ओलं खोबरं, मिरच्या, धणे, पुन्हा खोबरं. उजवं मनगट सुजून गोल झालं होतं. वरवंटा ओढला की कोपरापर्यंत कळ जायची. सासूबाईंना सांगावं असं रोज ठरवायचे. "आज दुखतंय" एवढे दोन शब्द. ते कधी निघाले नाहीत. त्यांनी काही खाल्लं नसतं मला. पण त्या वर बघतील, मग मी बोलायचं, मग त्या ऐकतील, हे सगळं माझ्याच्याने होत नाही. शाळेत तपासणीसाने उत्तर येत असताना विचारलं होतं तरी मी रडले होते.

त्या सकाळी तू विचारलंस, "मुके, आज कसला सण?" आणि मी म्हणाले, "पाट्याला सुट्टी."

तू माझ्या मनगटाकडे बघितलंस. घागरीवर टण केलंस आणि अशी सुरू झालीस की मलाही खरं वाटावं. "श्रोतेहो, आज पाट्याची सुट्टी. पाटा धुवून उभा करावा, हळदकुंकू वाहावं, पुढे नारळ ठेवावा, पण फोडू नये. आज वाटण करील तिच्या हाताची चव वर्षभर जाईल. नागपंचमीला विळीला विसावा देतो, मग पाट्याने काय पाप केलं?"

बायका हसत घरी गेल्या. मी घरात आले तर सासूबाईंनी पाटा धुवून भिंतीला उभा केला होता आणि कुंकवाचा करंडा शोधत होत्या. "विसरलेच होते मी," मला म्हणाल्या, "पूर्वी पाळायचे हे."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हीच पहिली वेळ. मी करंडा दिला. माझं मनगट दिवसभर मोकळं राहिलं, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

तासाभरात सासूबाई वकिलीणबाईंकडे जाऊन आल्या. मी त्यांच्याबरोबर होते, दाराशी. वकिलीणबाईंच्या मुलीच्या सासरची माणसं घाटावरून आली होती. सासूबाई म्हणाल्या, "आज पाट्याची सुट्टी आहे, माहीत आहे ना? आमच्या माहेरी पहिल्यापासून पाळतात. आम्ही लहान असताना पाट्याला नवा खणसुद्धा घालायचे." वकिलीणबाई चपापल्या. व्याह्यांसमोर आपल्याकडून रीत राहायला नको. आत वळून तुला म्हणाल्या, "द्वारके, आज वाटण नको."

तू चुलीपुढून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या गालात हसू मावत नव्हतं. पुढे तू मला सांगितलंस, "मला काय वाटलं सांगू? वाटलं, एक दिवस तरी आपला सण खरा झाला. माझ्या हातालाही आराम." तुलाही त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण सांगितलं असतंस तर सासूबाईंचं माहेर उघडं पडलं असतं, आणि सण कोणाचा हेही. तू गप्प राहिलीस. तुझी चूक तेवढीच, असं तू म्हणायचीस. माझी कुठे संपते ते मला सापडत नाही.

घाटावरच्या व्याह्यांना कोकणात येऊन खोबऱ्याचा कण मिळाला नाही. सोलकढी नाही, आमटीला वाटण नाही, भाजीवर ओलं खोबरं नाही. विहीणबाईंनी कारण विचारलं आणि ते ऐकून त्या इतक्या हसल्या म्हणे की ठसका लागला. "तुमच्याकडे पाट्यालासुद्धा रजा असते? आमच्याकडे अजून कारकुनाला मिळत नाही!" वकिलांनी पंचांग उघडलं. पंचांगात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वकिलीणबाई स्वतः बावीवर आल्या. त्या कधी येत नसत. त्या आल्या तशी कप्पी थांबली. सासूबाई पडवीतून खाली उतरल्या.

"हे कोणी काढलं?" वकिलीणबाई म्हणाल्या.

"मी ऐकलं ते हिच्या तोंडून," सासूबाईंनी तुझ्याकडे बोट केलं. माहेराचा शब्द त्यांनी काढला नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ? दोराला एक हिसका द्यायला लागतो तेवढा. माझ्या हातात दोर होता आणि कळशी अर्ध्यावर होती. मला वाटलं, कळशी वर आली की बोलते. ती वर आली. मी ती काठावर ठेवली.

"मी काढलं," तू म्हणालीस. "पाट्याची दया आली मला."

कोणी हसलं नाही. वकिलीणबाई म्हणाल्या, "पगारातून महिना एक, असे तीन रुपये कापीन. सगळं जेवण फुकट गेलं. आणि हा बावीवरचा तमाशा बंद." तू मान हलवलीस. मी कळशी काखेत घेतली आणि घरी आले. पाटा खाली घेतला आणि खोबरं वाटलं. सुजल्या मनगटाने वाटलं, आणि ते दुखतंय याचा मला आधार वाटला.

त्यानंतर तू सकाळची येईनाशी झालीस. भर दुपारी, बावीवर कोणी नसताना यायचीस. सकाळी नुसती कप्पी. बायका पाणी भरायच्या आणि जायच्या. सोनीकाकू एकदा म्हणाली, "आज तिथी कोणती ते पण कळत नाय गो." मी घरात राहून दुपारी तुझ्या कप्पीचा आवाज ऐकायचे आणि पायरी उतरायचे नाही.

शेवटी एक दुपार धीर केला. भाऊबीजेचे दोन रुपये मी तांदळाच्या डब्यात ठेवले होते, ते घेऊन आले. "तिसरा नंतर देते," म्हणाले.

तू दोर सोडला नाहीस. "कसले गो?"

"तुमचे कापलेले."

"मला नकोत."

"माझ्यामुळे कापले."

"आवाज माझा होता ना? पेटी खरखरली तर लोक पेटीला शिव्या घालतात. आतल्या माणसाला कोण धरतं?"

"मग घ्या तरी."

तेव्हा तू कळशी खाली ठेवलीस. "मुके, हे पैसे मी घेतले की तू मोकळी होशील. मग बोलशील कशाला? बावीवर, सगळ्यांसमोर एक वाक्य बोल. मग तिन्ही घेईन, वर व्याज घेईन." आणि हसलीस. मीच हसले नाही.

आपली भांडणं ती तेवढीच, पण ती भादव्यापर्यंत चालली. मी दुपारी यायचे, तू विचारायचीस, "बोललीस?" मी मान हलवायचे. तू म्हणायचीस, "मग आज शिकव." आणि कोळशाने बावीच्या जांभ्याच्या कठड्यावर आपण अक्षरं काढायचो. तुला तुझं नाव लिहायचं होतं. पहिलंच अक्षर जोडाक्षर निघालं, तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या बापाला सोपं नाव सापडलं नाय?" पावसाने रोज पुसलं जायचं, आपण रोज काढायचो. "का" पर्यंत पोचलो होतो. मी तुझ्याकडे इतका वेळ बसू शकले, हसू शकले, याचं मला आता नवल वाटतं. तू मला माफ केलं होतंस असं मी धरून चालले होते. तू मात्र माफ केलंय असं कधी म्हणाली नाहीस. तू फक्त वाट बघत होतीस.

तुला ताप आला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पेज घेऊन आले. सोनीकाकू तुझ्या पायाशी बसली होती. तुझे ओठ सुकले होते. मला बघून तू पहिलं तेच विचारलंस.

"बोललीस?"

मी मान हलवली.

"मग राहू दे बाकी," तू म्हणालीस. "बाकी असली म्हणजे येत राहशील."

"काय बोलायचंय गो हिला?" सोनीकाकूने विचारलं.

तू डोळे मिटलेस. "काय नाय. रेडिओची गंमत."

सोनीकाकू होती, एकच बाई. तिच्यासमोर बोलले असते तरी तुझ्या कानावर गेलं असतं. मी पेजेत मीठ आहे की नाही ते सांगितलं. मीठ आहे, म्हणाले. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. तीन दिवसांनी तू गेलीस.

तेरा दिवस झाले. चौदाव्या सकाळी मी नेहमीच्या वेळेला बावीवर गेले. सगळ्या होत्या. पडवीत सासूबाईंच्या सुपाचा आवाज येत होता. मी रिकामी घागर उचलली आणि तिच्या तोंडात तोंड घातलं. आत अंधार होता आणि तांब्याचा वास. एक गोष्ट मला तेव्हा कळली. तुला घागर लागायची आवाज मोठा व्हावा म्हणून. मला ती लागली, कारण तिच्यात तोंड घातलं की माणसं दिसत नाहीत.

"श्रोतेहो," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "पाट्याची सुट्टी द्वारकाताईंनी काढली नव्हती. ती मी काढली. माझं मनगट दुखत होतं. त्यांनी माझ्यासाठी आळ स्वतःवर घेतला आणि मी गप्प राहिले."

घागर खाली केली. मग सोनीकाकू हळूच म्हणाली, "घागर वाजवायची विसरलीस गो."

"विसरले नाही," मी म्हणाले.

सुपाचा आवाज थांबला होता. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. "मग त्या दिवशी मूग गिळून बसली होतीस तू?"

"होय," मी म्हणाले. "बसले होते."

याच्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वकिलीणबाईंना हे त्याच दिवशी सोनीकाकूकडून पोचलं असणार. त्यांनी काही कळवलं नाही. कापलेले पैसे त्यांच्याच पेटीत आहेत. मी बोलले याचा मला अभिमान वाटावा असं तू म्हणाली असतीस. वाटत नाही, द्वारकाताई. ज्या एका माणसाने ऐकायला हवं होतं ते सोडून सगळ्या आळीने ऐकलं.

आज पहाटे वाटण करायला पाट्याजवळ गेले तर पाट्यावर एक रुपया ठेवलेला होता, राजाच्या छापाची बाजू वर. मागे सासूबाई उभ्या होत्या.

"हा माझ्या माहेरचा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तो रुपया भाऊबीजेच्या दोनांबरोबर पदराला बांधला. मग खोबरं वाटलं, कारण ते वाटायचं होतंच.

काम उरकून ह्यांना सांगितलं, खाडीपलीकडे भाट्याला द्वारकाताईंच्या आईकडे जाऊन येते. हे म्हणाले, एकटी? मी म्हणाले, एकटी. तरीत बसून खाडी ओलांडली. तुझी आई झोपडीपुढे माडाच्या झापांचे हीर काढून केरसुण्या बांधत होती. हात तुझेच, बोटांची पेरं मोठी.

"कोणाची गो तू?"

"द्वारकाताईंच्या बावीवरची."

तिने मला खालून वर बघितलं. "मुकी काय?"

मला मान हलवावीशी वाटली. "होय," मी म्हणाले.

"द्वारकी सांगायची. एक मुकी येईल म्हणे तीन रुपये घेऊन. घे म्हणालेली. पण आधी विचार, बोललीस काय."

"बोलले."

"कधी?"

मी खाडीकडे बघितलं. तरीची होडी परत फिरली होती. "त्या गेल्यावर," मी म्हणाले.

म्हातारीच्या हातातली सुरी थांबली. तिने हात पदराला पुसले आणि पुढे केले. मी गाठ सोडून रुपये तिच्या तळव्यावर ठेवले. एक, दोन भाऊबीजेचे, आणि तो तिसरा. तिने ते एकेक करून कानाशी वाजवून पाहिले नाहीत, दातांखाली धरले नाहीत, नुसते बघत राहिली.

"मला वाटलेलं," ती म्हणाली, "ती असताना येशील."

मग तिने तिन्ही रुपये कनवटीला लावले आणि पुन्हा हीर काढायला लागली.

तीन होते, द्वारकाताई. तिन्ही पोचले.